आईच्या अक्षरातली चार कार्डं

ताईचं पत्र आलं तेव्हा मी मशीनचा दांडा फिरवत होते. दांडा अर्ध्यात सोडायचा नसतो. सोडला की आतला कागद सरकतो आणि फुलाऐवजी भलतंच काहीतरी कापून निघतं. पण पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि माझा हात सुटला. पाकिटावर आईचं नाव होतं. दुसऱ्याच्या नावाचं पत्र फोडू नये एवढं मलाही कळतं. मी फोडलं.

'आई, चार वर्षं तुझी कार्डं येताहेत आणि मी दगडासारखी गप्प बसलेय. आता पुरे. शनिवारी दुपारच्या गाडीने येते. अजून राग असेल तर दारातच सांग, उलट्या पावली परत जाईन. बाबांच्या पायाचं माप अजून आठच ना? त्यांच्यासाठी मऊ चपला घेतल्यात. त्यांना आधी सांगू नकोस, मला त्यांचा चेहरा बघायचाय.' खाली फोन नंबर होता.

आता सरळच सांगते, उगाच ताणत बसत नाही. ती कार्डं आईने पाठवलेली नव्हती. मी पाठवली होती, आईच्या अक्षरात, आणि आईला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. आणि बाबांना जाऊन चौदा महिने झाले होते. ते ताईला माहीत नव्हतं. पत्र आलं मंगळवारी. म्हणजे दोघींना दोन गोष्टी सांगायला माझ्याकडे चार दिवस होते, आणि मी काय केलं, तर पत्र एप्रनच्या खिशात कोंबलं आणि अडकलेला कागद चिमट्याने काढत बसले. मी ही अशी आहे. घर पेटलं तरी आधी टेबल आवरेन.

आमचा धंदा हाताने केलेल्या कार्डांचा. घराची पुढची खोली म्हणजेच कारखाना. लांब टेबल, त्यावर मशीन. मशीन म्हणजे काय, दोन पोलादी लाटणी आणि एक दांडा. खाली प्लेट ठेवायची, त्यावर कागद, कागदावर डाय, म्हणजे पानाफुलांच्या आकारात वळवलेली धारदार पट्टी, वरून आणखी एक प्लेट, आणि हे सगळं थप्पीने लाटण्यांतून पलीकडे काढायचं. कर्रकन आवाज येतो आणि फूल सुटून हातात पडतं. मग शिक्के. शिक्का शाईच्या पॅडवर टेकवायचा, दाबायचा नाही. कागदावर सरळ खाली आणायचा, सरळ वर उचलायचा. सांगायला सोपं आहे. करताना माझं अजून चुकतं.

ताईचं कधी चुकत नसे. ती बोलता बोलता, खिडकीबाहेर बघत शिक्के मारायची, आणि ठसा असा उमटायचा की आई चष्मा काढून "हं" म्हणायची. आईचं "हं" म्हणजे मोठी शाबासकी. मला ते उभ्या आयुष्यात दोनदा मिळालं, आणि त्यातलं एक बहुतेक तिला ठसका लागला होता म्हणून.

आई चित्रं काढायची, त्यांच्यावरून शिक्के आणि डाय बनायचे. आणि कार्डाच्या आतला मजकूर ती हाताने लिहायची. तिचं अक्षर गोल, ठसठशीत, थोडं उजवीकडे कललेलं. त्या अक्षरासाठीच लोक यायचे. ज्यांचं अक्षर वाईट, ज्यांना शब्द सुचत नाहीत, ते समोर बसून सांगायचे आणि आई लिहायची. आधी वहीत, मग कार्डात. 'तुझी आई' हे दोन शब्द तिने दुसऱ्यांच्या मुलींना इतक्या वेळा लिहिलेत की त्याची मोजदाद नाही. दुःखाचं कार्ड मात्र आम्ही करत नसू. कुणाचं माणूस गेलं तर उठून त्यांच्याकडे जावं आणि शेजारी बसावं, तिथे कापलेली फुलं काय कामाची, असं आईचं म्हणणं.

आठ वर्षांपूर्वी आई वह्या-पेन्सिलींच्या दुकानात गेली आणि दहा मिनिटांत परत आली. हातात एक छापील कार्ड होतं. त्यावर पाच पाकळ्यांचं रानफूल, पाचवी पाकळी कोपऱ्यात दुमडलेली. ते फूल आईचं होतं. ती ते काढत असताना मांजर टेबलावर चढलं, हात हलला, पाकळी दुमडली, आणि आईला ती तशीच आवडली म्हणून तिने ठेवली. जगात तशी पाकळी दुसरी कुणी काढणं शक्य नव्हतं. ताईने आईच्या चित्रांची वही एका कार्डांच्या कंपनीला नेऊन दाखवली होती.

"हजारो घरांत तुझं फूल जाईल आई," ताई म्हणाली. "यात वाईट काय आहे?"

"मला विचारलं असतंस तर मी दिलं असतं."

"नसतं दिलंस."

"मग नसतं दिलं," आई म्हणाली. "माझ्या डोळ्यांसमोर उभी राहू नकोस."

ताईही कमी नव्हती. तिने त्याच कंपनीत नोकरी धरली आणि त्या आठवड्यात बॅग भरून दुसऱ्या शहरात गेली. बाबा तिला सोडायला गाडीपर्यंत गेले. घरात भांडण नको म्हणून बाबा आयुष्यभर वर्तमानपत्राच्या आड बसले, पण त्या दिवशी ते बॅग उचलून तिच्या मागोमाग गेले. मी कुणाची बाजू घेतली? कुणाचीच नाही. मी टेबल पुसत होते. दुसऱ्या दिवशी मशीनसमोरच्या ताईच्या खुर्चीवर मी बसले. तोवर मी टेबलाच्या टोकाला स्टुलावर बसायचे.

त्यानंतर चारेक वर्षांनी आईची बोटं वाकडी व्हायला लागली. सांधे सुजले, पेन धरवेना. गिऱ्हाईकं आत डोकावून "आजींचं अक्षर नाही का आता?" विचारायची आणि रिकाम्या हाताने जायची. मी सुचवलं, वह्यांतून तुझे शब्द घेऊन त्यांचे शिक्के करू. आई आठ दिवस बोलली नाही. मग म्हणाली, "कर. पण जे माणूस येऊन सांगेल तेवढंच त्यातून जुळवायचं. आपल्या मनाचं घालायचं नाही."

मी वह्यांचे फोटो काढून शिक्केवाल्याकडे गेले. हा माणूस ऑफिसांचे शिक्के करतो, 'मंजूर', 'नामंजूर', 'प्रत मिळाली'. त्याच्या दुकानात उभं राहिलं की आपलंही कुणीतरी नामंजूर करेल असं वाटतं. त्याने यादी वाचली. 'प्रिय', 'लेकीला', 'वाढदिवसाचे', 'सुखात', 'राहा', 'सगळे', 'मजेत', 'खूप', 'आशीर्वाद'. 'तुझी आई' पाशी त्याचं बोट थांबलं.

"सही बनवून देता येत नाही मला. कायदा आहे."

"ही सही कुठे आहे?"

"आई म्हणजे सहीच की हो," तो म्हणाला, पण हसला आणि करून दिली. पारदर्शक रबराचे दोनशे बारा शब्द. मी ते एका खणाखणांच्या डब्यात लावून ठेवले.

त्या वर्षी ताईचा वाढदिवस जवळ आला. दुपारी आई झोपली होती. मी एका गिऱ्हाइकाचं कार्ड जुळवत होते, कुणा बाईला तिच्या लांबच्या मुलीला पाठवायचं होतं, आणि माझ्या मनात आलं, आमचीही एक लांब आहे. मी अंडाकृती खिडकी कापली, तिच्यामागे फिकट पिवळा कागद लावला, आणि आत शब्द एकेक करून बसवले. 'प्रिय लेकीला वाढदिवसाचे खूप खूप आशीर्वाद. सगळे मजेत. सुखात राहा. तुझी आई.' आईच्या अक्षरात. उजवीकडे कललेलं, गोल, जिवंत. मला रडू आलं. खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटला. इतकं स्वच्छ काम मी कधी केलं नव्हतं.

वर मान केली तर बाबा दारात उभे. त्यांनी कार्ड वाचलं, परत वाचलं. मग पाकिटात घालून, आपल्या डायरीतला ताईचा पत्ता बघून पाकिटावर लिहिला आणि म्हणाले, "मी काही पाहिलं नाही. पेटीत टाकून येतो." जाताना त्यांनी बूट उलटे घातले होते. मी हाक मारून सांगितलं तेव्हा ते लहान मुलासारखे हसले.

पुढच्या वर्षी दुसरं कार्ड गेलं. तेही बाबांनीच टाकलं. ताईचं उत्तर आलं नाही, पण कार्ड परतही आलं नाही, तेव्हा बाबा म्हणायचे, पोचलं म्हणजे झालं.

तिसऱ्या वर्षी बाबा आजारी पडले आणि नऊ दिवसांत गेले. ताईच्या वाढदिवसाला तीन आठवडे होते. आई म्हणाली होती, "तिला कळवायचं नाही." तिचा चेहरा तेव्हा असा होता की शेजारीपाजारीही तिच्याशी हळू बोलत. नातेवाईक म्हणाल तर दोन-चार, लांबचे, आणि तेही आईच्या धाकातले. कळवणार कोण? मी. मी कळवायला हवं होतं. एक ओळ, माझ्या अक्षरात, 'बाबा गेले, ये'. पण माझ्या अक्षरात लिहिलं की ताई विचारणार, आईने का नाही लिहिलं, आईची कार्डं तर येतात. मग सगळंच बाहेर पडणार.

म्हणून मी काय केलं ते ऐका. मी डबा उघडून बसले. म्हटलं, आईच्याच अक्षरात सांगू. 'बाबा' हा शब्द होता, तो तर वाढदिवसांना लागतोच. 'गेले' सुद्धा सापडला, एका वहीत 'दिवस कसे भुर्रकन गेले' असं होतं, त्यातला. मी दोन्ही शिक्के ठोकळ्यावर शेजारी शेजारी चिकटवले आणि कागदाच्या तुकड्यावर ठसा घेतला. बाबा गेले. अक्षर हसत होतं हो. आईने 'गेले' कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाच्या वाढदिवसाला लिहिला होता, ले-ची मात्रा खुशीत वर फेकलेली. मी तो तुकडा फाडला, आणखी फाडला, आणि पाण्यात भिजवून टाकून दिला. मग नेहमीचे शिक्के काढले. 'सगळे मजेत. सुखात राहा. तुझी आई.' पेटीत टाकायला मी स्वतः गेले.

चौथं कार्ड गेल्या महिन्यात गेलं. तसंच. एकदा खोटं बोलायची वाट पडली की पाय आपोआप चालतात.

तर आता हे पत्र. बुधवारी मी ताईचा नंबर चार वेळा फिरवला आणि घंटी वाजायच्या आत तोडला. गुरुवारी पाचव्यांदा फिरवला, तिने उचलला, "हॅलो, कोण?" म्हणाली. आठ वर्षांनी तिचा आवाज ऐकला. मी फोन ठेवून दिला. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. शुक्रवारी दुपारी मात्र पर्याय उरला नाही. माणूस उद्या दारात येणार होतं.

आई खिडकीपाशी खुर्चीवर बसून डायमध्ये अडकलेले कागदाचे कण सुईने काढत होती. बोटं वाकडी झाली तरी हे काम ती कुणाला देत नाही. मी पत्र तिच्या मांडीवर ठेवलं. तिने सुई बाजूला ठेवली, चष्मा नीट केला आणि वाचलं. चपलांपाशी आली तेव्हा तिचे ओठ हलले.

"कसली कार्डं?" तिने विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, बाबा पेटीत टाकायचे ते सुद्धा. सांगताना मी उभी होते, कारण बसायची हिंमत नव्हती.

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवत होतं, ती घसरून पडली, त्याने उचलली, परत टेकवली.

"तिने माझं फूल नेलं," आई म्हणाली. "तू माझा हात नेलास. तिला मी घराबाहेर काढलं. आता तुझं काय करू, सांग."

"काय करायचं ते कर."

"ते गेल्यावर तिला कार्ड पाठवलंस?"

"हो."

"त्यात काय लिहिलं होतंस?"

मी टेबलावरचे कागद सरळ करायला लागले. तिने परत विचारलं. मी म्हणाले, "सगळे मजेत."

आईने दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. "त्या महिन्यात मला भाजी चिरता येत नव्हती," ती म्हणाली. "रात्री उठून मी त्यांच्या खोलीचा दिवा बंद करायला जायचे. आणि माझं अक्षर तिला सांगत होतं, आम्ही मजेत आहोत."

"तूच म्हणालीस कळवायचं नाही," मी म्हणाले. मी ही अशी. एवढ्या वेळेलाही मला आपली बाजू सुचली.

"मी गप्प बस म्हणाले होते. खोटं बोल म्हणाले नव्हते." मग ती सुई शोधायला लागली, सुई समोरच होती, तिला दिसेना. मी उचलून दिली. "उद्या तिला आणायला जा. घरात पाऊल टाकायच्या आत सांग. तुझ्या तोंडाने. या घरात आता कुणी दुसऱ्याच्या तोंडाने बोलायचं नाही."

शनिवारी मी गाडीच्या वेळेआधी तासभर जाऊन बसले. गाडी आली. ताई उतरली आणि मी तिला ओळखलं नाही, ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली तेव्हा ओळखलं. केस अर्धे पांढरे झालेत. खांद्याला एक पिशवी, हातात चपलांचा डबा. तिने मला मिठी मारली तर डबा माझ्या पाठीत रुतत होता.

"तू आलीस होय न्यायला. आई चालू शकते ना नीट? बाबा कुठे बसतात हल्ली, खिडकीपाशी की व्हरांड्यात?"

मी तिची पिशवी घेतली. आम्ही चालायला लागलो. ती बोलत होती. म्हणाली, पहिलं कार्ड आलं त्या दिवशी मी ऑफिसात बाथरूममध्ये जाऊन रडले. म्हणाली, दर वर्षी वाटायचं यंदा जाऊ, मग कार्डावर वाचायचे सगळे मजेत, आणि वाटायचं, आहेत ना सगळे, घाई काय आहे. पुढच्या वर्षी जाऊ.

मी थांबले. तिथे एका दवाखान्याची बसकी भिंत होती, तिच्यावर तिची पिशवी ठेवली.

"ताई, बाबा नाहीत."

"कुठे गेलेत?"

"बाबा नाहीत, ताई. चौदा महिने झाले."

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. मला वाटतं, कानाने ऐकलं आणि आत जायला वेळ लागला. मग ती भिंतीवर बसली. तिने बोटांवर महिने मोजले, उघड मोजले, अंगठा एकेका पेरावर ठेवत. मोजून झाल्यावर माझ्याकडे बघितलं.

"त्यानंतर मला दोन कार्डं आलीत."

"ती मी केली. चारही मीच केली. आईला काल कळलं."

तिने पिशवीतून कार्डं काढली. चारही तिच्याजवळ होती, एका कापडात गुंडाळलेली. कडा जरासुद्धा मुडपल्या नव्हत्या. तिसरं कार्ड उघडून ती बघत राहिली.

"शिक्के आहेत ते मला दिसत होतं," ती म्हणाली. "दुसरं कार्ड आलं तेव्हाच. चारही कार्डांवर 'तुझी आई' अगदी एकसारखं. मी आंधळी आहे का? मला वाटलं बोटं दुखत असतील तिची, म्हणून शिक्के केले असतील. पण शब्द तिने सांगितले असतील असं मी धरून चालले."

रस्त्याने माणसं जात होती. एक बाई थांबली, बरं नाही का विचारलं, दवाखाना आतच आहे म्हणाली. ताईने मान हलवली. ती रडली नाही. मला वाटत होतं तिने मला मारावं. तिने कार्डं परत कापडात गुंडाळली, नीट, आणि उठली. चपलांचा डबा तिथेच राहत होता, तो मी उचलला.

घरापर्यंत ती माझ्या दोन पावलं पुढे चालली.

दार उघडंच होतं. आई खुर्चीवरून उठून उभी राहिली होती, टेबलाला धरून. आठ वर्षांत दोघीही म्हाताऱ्या झाल्या होत्या, आणि दोघींनाही ते एकदमच दिसलं असावं.

"आत ये," आई म्हणाली. "दारात सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. हिने सांगितलं ना?"

"सांगितलं."

"हिने सांगितलं नसेल तेवढं मी सांगते. ते नऊ दिवस तुझं नाव घेत होते. तिला बोलवा म्हणत होते. मी नको म्हटलं. हिने माझं ऐकलं. पण ते पाप हिचं नाही, माझं आहे."

ताईने आईकडे पाहिलं. "फुलासाठी?"

"फुलासाठी," आई म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. मी आईला रडताना बाबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. ती उभ्याउभ्याच रडत होती आणि वाकड्या बोटांनी टेबलाची कड चाचपत होती. ताई पुढे झाली, तिने आईला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. मिठी वगैरे नाही. पडेल म्हणून धरतात तसं धरलं. मी पाणी आणलं. आईने घोट घेतला, पेला ताईकडे दिला, ताई उरलेलं प्यायली. मला वाटलं, निभावलं. सगळा दोष आईने आपल्याकडे ओढून घेतला, मी सुटले. खरंच वाटलं. मी चहाचं आधण ठेवायला वळलेसुद्धा.

ताईने कापड सोडलं आणि चार कार्डं टेबलावर एकाशेजारी एक मांडली. आईने चष्मा लावला. पहिल्यांदाच ती ती कार्डं बघत होती. एकेक उघडून आपलंच अक्षर वाचत होती.

"आई," ताई म्हणाली, "तुझ्या वह्यांत 'ये' हा शब्द नव्हता का?"

"कुठला?"

"ये. घरी ये, भेटायला ये. मी दर वर्षी कार्ड उघडलं की आधी तोच शोधायचे. एकाही कार्डात नव्हता. तेवढा एक असता तर मी दुसऱ्या दिवशी निघाले असते. बाबा असताना दोन कार्डं आली मला."

आई कार्डावरून मान वर करत म्हणाली, "शेकडो वेळा लिहिलाय. लेकीला पत्र लिहायला येणाऱ्या बायका दुसरं काय सांगतात?"

मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. आधणाचं भांडं माझ्या हातात होतं. ते कुठे ठेवावं मला कळेना.

"त्याचा शिक्का केला नव्हतास?" ताईने विचारलं. रागाने नाही. खरंच विचारल्यासारखं.

"केला होता."

"मग हरवला?"

"नाही. डब्यात आहे. पहिल्या वर्षी काढला होता मी. ठोकळ्यावर लावलाही होता." एवढं बोलून थांबता आलं असतं. आईने म्हटलं होतं, तुझ्या तोंडाने. "परत काढून ठेवला."

"का?"

"तू आली असतीस म्हणून," मी म्हणाले.

मशीनसमोरची खुर्ची सोडून टेबलाच्या टोकाचं माझं जुनं स्टूल ओढून ताई आईशेजारी बसली, माझ्याकडे पाठ करून, आणि आईचा उजवा हात हातात घेऊन तिचं एकेक बोट सरळ करायला लागली.